लगेज आणि डबल बेल

"बस! लगेज, बस! बस म्हणतो ना!" मी ओरडलो.

"चल! चल हो बाहेर! चल!" स्वयंपाकघरातून शालन ओरडली.

"आई, तुम्ही हलू नका. तो काही करत नाही," आमची उज्ज्वला खुर्चीतनं म्हणाली. तिला पाचवा महिना होता, पटकन उठता येत नव्हतं.

आणि दारात उज्ज्वलाच्या सासूबाई, मिरजेच्या सुभद्राबाई, भिंतीला चिकटून उभ्या होत्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. आमच्या कुत्र्याचे, म्हणजे लगेजचे, पुढचे दोन्ही पाय त्यांच्या खांद्यांवर.

माझं 'बस' ऐकून तो खाली बसला. शालनचं 'चल' ऐकून उठला. परत मी 'बस', परत तो खाली. परत ती 'चल', परत तो वर. असं दोन-तीनदा झाल्यावर त्याला कंटाळा आला असावा. त्यानं डब्यालाच हात घातला. डबा पडला, झाकण घरंगळत अंगणात गेलं आणि सुनेला डोहाळे लागले म्हणून केलेल्या शेंगांच्या पोळ्या दारभर पसरल्या. लगेजनं त्या फार मन लावून खाल्ल्या.

शालन हा प्रसंग माझ्यापेक्षा चांगला सांगायची. सुभद्राबाईंचा चेहरा ती हुबेहूब करून दाखवायची. मला ते जमत नाही.

"पाव्हणं," सुभद्राबाई पदर सारखा करत मला म्हणाल्या, "हे कुत्रं आहे का काय आहे?"

"कुत्रंच आहे," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

"आणि नाव काय म्हणालात?"

"लगेज."

त्यांनी उज्ज्वलाकडं असं बघितलं, जणू लग्न ठरवताना आम्ही ही गोष्ट लपवून ठेवली होती.

चहा झाला. कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आहे. मी रीत मोडणारी बाई नाही. पण उद्या बाळ पाळण्यात असणार आणि हा असा अंगावर येणार. मला नाही झोप लागायची. डोहाळजेवणाला मी येणारच आहे. तोवर हा सुधारला तर पोरगी इथं राहील. नाहीतर त्याच दिवशी मी तिला मिरजेला घेऊन जाणार. काय ते ठरवा."

त्या गेल्या. शालन कणीक मळायला बसली. आमची एकुलती एक मुलगी. तिच्या बाळंतपणासाठी शालननं जुन्या लुगड्यांची दुपटी आधीच शिवून ठेवली होती.

"इलाहीच्या मळ्यावर देऊ या ह्याला," मी म्हणालो. इलाही माझा जुना दोस्त. "तिथं मोकळा फिरेल."

"तुम्ही जा मळ्यावर," शालन म्हणाली. "पोरगी इथंच बाळंत होणार आणि लगेज इथंच राहणार. कसं ते तुम्ही बघा. रिटायर झालाय. दुसरं काय काम आहे तुम्हाला?"

मी एसटीत कंडक्टर होतो, तासगाव डेपोला. माझी शेवटची फेरी आटपाडीची. डेपोत आल्यावर नेहमीसारखी गाडी बघितली, तर मागच्या सीटखाली कुणाची तरी वायरची पिशवी राहिलेली. पिशवीतनं दोन कान वर आलेले. दोन दिवस वाट बघितली, न्यायला कुणी आलं नाही. माझा ड्रायव्हर इलाही मुल्ला म्हणाला, "बेवारस लगेज आहे रंगराव, तुझ्याच नावावर चढवतो." डेपोनं मला शाल आणि नारळ दिला, आणि मी शाल, नारळ आणि पिल्लू घेऊन घरी आलो.

"रिटायर होताना माणसं घड्याळ आणतात," शालन म्हणाली होती. "तुम्ही हे आणलंत." पण त्या रात्री माझी नवी शाल पिल्लाखाली होती. मी अंथरली नव्हती.

वर्षभरात पिल्लाचं वासरू झालं.

तर आता मी कामाला लागलो. मला वाटलं, बाजाराच्या दिवशी जतच्या गाडीत कोंबड्या, पाट्या, भांडणं, सगळं घेऊन मी उभ्या माणसांना मागं सरकवत आलोय. एक कुत्रं काय अवघड आहे? मी सकाळी अंगणात उभा राहायचो आणि आवाज द्यायचो. कंडक्टरचा आवाज, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत ऐकू जायचा. लगेज माझ्याकडं बघायचा, शेपटी हलवायचा आणि मनाला येईल ते करायचा.

गंमत अशी, की तो अगदीच ऐकत नव्हता असं नाही. शालन जेवायला वाढायची, मी म्हणायचो, "बस, बस, भात नको." की टेबलाखाली लगेज बसायचा. शेजारचे कुणी आले, की आम्ही म्हणायचो "या, बसा," आणि पाहुण्याच्या आधी लगेज खुर्चीजवळ बसलेला. रस्त्यावरनं कुणी विचारायचं, "सांगलीची बस गेली का?" तरी हा बसायचा. 'चल'चं तर विचारूच नका. फिरायला नेताना शालन त्याला 'चल' म्हणायची. हाकलतानाही 'चल' म्हणायची. मी काही थट्टा केली, की मला म्हणायची, "चला, काहीतरीच तुमचं!" की लगेज तोंडात पट्टा घेऊन हजर.

आम्ही दोघं हसायचो. पण यात काय चुकतंय हे आमच्या डोक्यात येत नव्हतं. ऐकलं नाही की मोठ्यानं बोलायचं, एवढंच आम्हाला माहीत. मी एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला. मधे कुत्रं.

एक दिवस इलाही चहाला आला. फाटकातच लगेजनं त्याची टोपी उडवली. मी "बस बस" आणि शालन "चल चल" झाल्यावर इलाही टोपी झटकून आत आला आणि पोट धरून हसायला लागला.

"हसतोस काय?" मी म्हणालो. "पोरगी मिरजेला जायची वेळ आलीय."

"रंगराव, मला एक सांग. एवढी वर्षं तू माझ्या मागं उभा होतास. मला तुझं तोंड दिसायचं का?"

"नाही."

"तू मागं कुणाशी भांडतोस, काय बोलतोस, मला ऐकू यायचं का? ते इंजिन, त्या काचा."

"नाही."

"मग मी गाडी कशावर चालवली?"

"बेलवर."

"एक बेल?"

"थांब."

"दोन?"

"चल."

"कधी असं झालं का, की तू सिंगल बेल दिलीस आणि तुझ्या मनात होतं, आज जाऊ दे थोडं पुढं?"

शालन चहाचे कप घेऊन दारात थांबली होती.

"आणि मणेराजुरीच्या फाट्यावर काय झालं होतं, वैनींना सांग."

ते मला आठवत होतं. घाई असलेल्या एका पॅसेंजरनं मधनंच दोरी ओढली. डबल बेल. इलाहीनं गाडी सोडली. एक म्हातारी नुकती चढत होती. ती आत आली, तिची एक चप्पल रस्त्यावर राहिली. मी त्या पॅसेंजरला पुढच्या स्टॉपपर्यंत झापत होतो, की गाडीत कंडक्टर एकच असतो.

"तेच सांगतोय," इलाही म्हणाला. "तुमच्या गाडीत कंडक्टर दोन आहेत. आणि दोघांच्या बेलचा अर्थ रोज बदलतोय. तो बिचारा ड्रायव्हर काय करणार?"

"बरं," मी म्हणालो. "मग आजपासून कंडक्टर मी."

"त्याला खायला कोण घालतं?"

"शालन."

"पहाटे बाहेर कोण काढतं?"

"...शालन."

"मग वैनी कंडक्टर."

"आणि मी?"

"तू पॅसेंजर. म्हातारा आहेस, अर्धं तिकीट लागेल."

शालन एवढी हसली, की चहा बशीत सांडला.

पुढच्या बाजारी इलाही खरंच बेल घेऊन आला. सांगलीला एका भंगारवाल्याकडं मोडलेल्या गाड्यांचं सामान असतं, तिथनं आणलेली. आमचं घर म्हणजे तीन खोल्या एकामागं एक, गाडीसारखंच. बेल पुढच्या दारावर ठोकली आणि दोरी छताच्या कडेनं, हात पोचेल अशी, सोप्यातनं, मधल्या खोलीतनं स्वयंपाकघरापर्यंत नेली. इलाहीनं दोरी ओढून बघितली. टण. आम्ही दोघं, मी आणि इलाही, एकमेकांकडं न बघता उभे राहिलो. बरं वाटलं आवाज ऐकून.

शालननं सुरुवात जेवणापासून केली. लगेजची ताटली हातात धरली आणि एकदा दोरी ओढली. टण. लगेजनं ताटलीवर उडी मारली. ताटली वर गेली. तो भुंकला. शालन उभी. तो तिच्याभोवती फिरला, रडल्यासारखा आवाज काढला, माझ्याकडं आला.

"अगं, दे की त्याला," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं. मी पेपर वर केला.

शेवटी लगेज दमला आणि त्याचं बूड जमिनीला टेकलं. लगेच टण-टण, आणि ताटली खाली. एक शब्द नाही. मला कंडक्टर म्हणून सांगायचं तर बेल एकदम स्वच्छ होती. काही कंडक्टरांची डबल बेल दीड वाजते. हिची तशी नव्हती.

जेवण जमल्यावर दार. टण, की लगेजनं बसायचं. टण-टण झाल्याशिवाय दारातनं कुणी जायचं नाही, यायचं नाही. तो आधीच धावला, की दार बंद, आणि परत पहिल्यापासून. दूधवाला किटली घेऊन बाहेर उभा असायचा.

"वैनी, दूध नासतंय," तो म्हणायचा.

"थांबा, गाडी सुटली नाही अजून," मी आतनं सांगायचो.

बस आणि चल हे शब्द आम्ही घरात बंद केले. फार अवघड गेलं. 'बस'च्या जागी 'पुरे' म्हणेपर्यंत माझा भात वाढलेलाच असायचा. पाहुण्यांना आम्ही "या, टेका," म्हणायला लागलो. आणि मला दुसरीही एक सवय होती. जेवताना हात खाली जायचा, भाकरीचा तुकडा लगेजच्या तोंडात. एकदा तसा हात गेला आणि स्वयंपाकघरातनं, टण.

मी होतो तसा थांबलो. टेबलाखाली लगेजही थांबला.

"विनातिकीट कोण खातंय?" शालननं विचारलं. तिची माझ्याकडं पाठ होती. तिला कसं कळलं, मला अजून माहीत नाही.

नंतर नंतर तर सिंगल बेल झाली, की लगेजच्या आधी मीच थांबायचो. हातात कंगवा असला तर केसात कंगवा तसाच. उज्ज्वला हसून हसून म्हणायची, "आई, माझ्या पोटात दुखतंय, बाबांना सोड."

डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी मात्र घात झाला. गल्लीत शेळ्या आल्या आणि लगेज बेलची वाट न बघता सुटला. शेळ्या गेल्या, हा तोंडात कुणाचा तरी टॉवेल घेऊन आला. मी कपाळाला हात लावला. "झालं. आता उज्ज्वलाची बॅग भरून ठेव."

शालननं टॉवेल काढून घेतला, लगेजला आत आणलं, दार लावलं आणि ताटली हातात घेतली. पहिल्या दिवसापासून परत. टण.

"तुला राग नाही येत?" मी विचारलं.

"येतो की. पण रागात बेल चुकते," ती म्हणाली.

तरी बॅग मी भरून दाराशी ठेवलीच.

दुसऱ्या दिवशी घर बायकांनी भरलं. उज्ज्वला हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर. सुभद्राबाई दुपारी आल्या. ऊन मी म्हणत होतं, तरी मिटलेली छत्री त्यांनी पुढं धरली होती. छत्री कशासाठी ते आम्हाला कळलं.

आतनं टण. लगेज दाराशेजारी बसला.

सुभद्राबाई छत्री रोखून, अंग चोरून त्याच्यासमोरून आत आल्या. "बांधलाय का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

"मग?"

"थांबलाय."

त्यांचा विश्वास बसला नाही. लगेजकडं तोंड करून त्या चटईवर टेकल्या. ओटी भरून झाली. उज्ज्वलासमोर झाकलेल्या दोन वाट्या ठेवल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. तिनं झाकण उचललं, बर्फी निघाली. "मुलगी!" सगळ्या ओरडल्या, टाळ्या वाजल्या. लगेजचे कान हलले. तो हलला नाही. शालन स्वयंपाकघरात पुरणपोळ्या लाटत होती. मी मनातल्या मनात तिकिटं मोजत होतो, काळजी वाटली की मी तसं करतो.

मग सुभद्राबाई उठायला लागल्या. त्यांचे गुडघे दुखायचे. आधाराला काही मिळतंय का बघताना हाताला दोरी लागली. त्यांनी ती धरली आणि दोन हिसके देत उठल्या.

टण-टण.

दुपारभर दम धरून बसलेला लगेज सुटला. बायकांनी पाय वर घेतले, कुंकवाचा करंडा पालथा झाला. तो सरळ सुभद्राबाईंकडं. छत्री चटईवर राहिली होती. शालनचे दोन्ही हात पिठात. माझ्या तोंडात 'बस' आलं होतं. मी तोंड मिटलं. ते का मिटलं, मला सांगता येणार नाही. उज्ज्वलाची बॅग मला दिसत होती, एवढं आठवतं.

सुभद्राबाईंनी घाबरून दोरी घट्ट धरली आणि डोळे मिटून मटकन खाली बसल्या. त्यांच्या वजनानं दोरी ओढली गेली.

टण.

लगेज फरशीवर घसरत आला आणि त्यांच्या पदरावर येऊन बसला. तोंड उघडं, जीभ बाहेर, पण बसलेला.

सुभद्राबाईंनी एक डोळा उघडला. मग दुसरा.

"मी दिली ही बेल?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्हीच," शालन दारात येऊन म्हणाली.

"मी सांगितलं तर ऐकतो हा? मला तर हा ओळखतही नाही."

"बेल ओळखतो. ती कुणीही देऊ दे. एक दिली की थांबणार, दोन दिल्या की निघणार. आपण मात्र तिचा अर्थ बदलायचा नाही."

सुभद्राबाईंनी वर दोरीकडं बघितलं, लगेजकडं बघितलं. "परत देऊ?"

"द्या की."

टण-टण. लगेज उठला. टण. बसला. टण-टण. उठला. टण. बसला. मग त्या हसायला लागल्या. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून. "अगं बाई! आमचे हे एवढ्या वर्षांत एकदा असं उठले-बसले नाहीत गं!"

"घरात बेल लावा," शालन म्हणाली. "भंगारवाल्याचा पत्ता देते."

त्या दिवशी पुरणपोळ्या उशिरा वाढल्या गेल्या. गल्लीतल्या प्रत्येक बाईनं एकेकदा दोरी ओढली. शेवटी लगेज जांभया द्यायला लागला.

संध्याकाळी सुभद्राबाई निघाल्या. दाराशी ठेवलेली बॅग त्यांना दिसली. "ही कुणाची?"

"उज्ज्वलाची," मी म्हणालो. "तुम्ही म्हणाला होता..."

त्यांनी बॅग उचलून माझ्या हातात दिली. "आत ठेवा पाव्हणं. दोन्ही लगेज इथंच राहू दे."

बर्फी खरी ठरली. मुलगी झाली. पाळणा सोप्यातच टांगला होता आणि त्याच्याखालची जागा लगेजनं कुणाला दिली नाही. सुभद्राबाई नातीला बघायला दर आठवड्याला यायच्या. आल्या की चप्पल काढायच्या आधी दोरी ओढायच्या.

नात आता चौथीत आहे. लगेजच्या तोंडावर पांढरे केस आलेत. शालनला जाऊन वर्ष होत आलं.

ती गेल्यावर कार्य होईपर्यंत घरात माणसं होती. मग सगळे आपापल्या घरी गेले. लगेज सकाळी दाराशी जाऊन बसायचा आणि दोरीकडं बघायचा. मीही खुर्चीत बसून दोरीकडं बघायचो. सगळा जन्म दोऱ्या ओढण्यात गेलेला माणूस मी, पण त्या दोरीला मला हात लावता येईना. लगेजला मी मागच्या अंगणात सोडायचो. पुढचं दार बंद असायचं. दूधवाला किटली खिडकीतनं द्यायचा.

एक दिवस सुभद्राबाई आल्या. एकट्याच, मिरजेहून एसटीनं. आता त्यांच्या हातात काठी असते. मी दार उघडलं आणि परत खुर्चीत येऊन बसलो. लगेज दाराजवळ. त्यांनी आमच्या दोघांकडं बघितलं.

"पाव्हणं, बाहेर पडून किती दिवस झाले?"

मी बोटांवर दिवस मोजायला लागलो.

त्या सोप्यातनं, मधल्या खोलीतनं, भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात गेल्या. शालन उभी राहायची तिथं उभ्या राहिल्या असणार. आतनं आवाज आला.

टण.

आम्ही तर दोघंही बसलेलेच होतो. लगेजचे कान उभे राहिले. बराच वेळ काही झालं नाही. मला वाटलं, ताटली हातात धरून कुणीतरी उभं आहे.

मग टण-टण. स्वच्छ, दोन.

लगेज उठला. पट्टा खुंटीवर होता तिथं गेला आणि मागं वळून माझ्याकडं बघायला लागला. मी चपला शोधल्या.